सामाजिक चिंता, भावनांचे व्यवस्थापन आणि आत्मकरुणा : महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या संदर्भात

सारांश :
वर्गात न बोलणाऱ्या विद्यार्थ्याचा अभ्यास कच्चा असतो किंवा त्याला विषयात रस नसतो, असा समज महाविद्यालयांत सर्रास आढळतो. अशा काही विद्यार्थ्यांच्या मौनामागे सामाजिक चिंता असते. प्रस्तुत लेखात सामाजिक चिंता, भावनांचे व्यवस्थापन आणि आत्मकरुणा या तीन संकल्पनांचा परस्परसंबंध स्पष्ट केला आहे. सामाजिक चिंता टिकून राहते ती केवळ भीती वाटल्यामुळे नव्हे. भीती वाटल्यावर व्यक्ती स्वतःशी कशी वागते, यावरही ते अवलंबून असते, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे. या सूत्राच्या मर्यादा आणि अध्यापनातील त्याचे उपयोजन यांचाही विचार लेखात केला आहे.

बीजसंज्ञा : सामाजिक चिंता, भावनांचे व्यवस्थापन, आत्मकरुणा, आत्मसन्मान, तोंडी परीक्षा.

प्रस्तावना :
विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीची कल्पना करावी. तिचे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. प्रयोगवहीतील तिच्या नोंदी अचूक असतात आणि लेखी परीक्षेतील उत्तरेही समाधानकारक असतात. परंतु प्रात्यक्षिक परीक्षेत बहिःस्थ परीक्षकांसमोर बसल्यावर तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. परीक्षक प्रश्न पुन्हा विचारतात, ती मान खाली घालते आणि 'माहीत नाही' एवढेच म्हणते. उत्तर तिला माहीत असते. बाहेर आल्यावर ते तिला शब्दशः आठवते आणि त्या रात्री तिला झोप लागत नाही. पुढील सत्रात सेमिनारच्या दिवशी ती गैरहजर राहते.

हे उदाहरण काल्पनिक असले तरी त्यातील प्रत्येक तपशील अध्यापकांच्या परिचयाचा आहे. अशा विद्यार्थिनीला सामान्यतः 'आत्मविश्वास वाढव', 'जरा सभाधीट हो' असा सल्ला मिळतो. सल्ला सद्‌हेतूने दिलेला असतो. पण तो उपयोगी पडत नाही आणि अनेकदा आपल्यातील एका नव्या उणिवेची जाणीव तेवढी तो करून देतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सातत्यपूर्ण मूल्यमापनावर भर देण्यात आला आहे. सादरीकरण, गटचर्चा आणि मौखिक परीक्षण यांचा वाटा मूल्यमापनात जसजसा वाढतो, तसतशी बोलण्याच्या भीतीची शैक्षणिक किंमतही वाढत जाते. म्हणूनच या भीतीचे स्वरूप समजून घेणे हे मानसशास्त्र विभागापुरते मर्यादित राहत नाही. ते प्रत्येक अध्यापकाचे काम ठरते.

सामाजिक चिंता : संकल्पना आणि स्वरूप :
मराठीत भीड, संकोच, बुजरेपणा आणि लाजाळूपणा असे अनेक शब्द आहेत. भिडस्त मनुष्य समोरच्याला नकार देऊ शकत नाही, बुजरे मूल अनोळखी माणसांत मिसळायला वेळ घेते. या स्वभावछटा आहेत, विकार नव्हेत. सामाजिक चिंतेत मात्र इतर लोक आपले परीक्षण करीत आहेत, आपल्याकडून काहीतरी लाजिरवाणे घडेल आणि लोक आपल्याला कमी लेखतील, ही भीती केंद्रस्थानी असते. ही भीती प्रसंगाच्या मानाने अवाजवी असेल, दीर्घकाळ टिकत असेल आणि तिच्यामुळे शिक्षण, व्यवसाय किंवा नातेसंबंध यांत अडथळा येत असेल, तर तिचा विकार म्हणून विचार केला जातो.

या विकाराला स्वतंत्र ओळख मिळाली ती तुलनेने अलीकडे. इंग्लंडमधील आयझॅक मार्क्स आणि मायकेल गेल्डर यांनी १९६६ मध्ये विविध भयगंडांच्या प्रारंभाच्या वयाचा अभ्यास करताना सामाजिक प्रसंगांचे भय वेगळे नोंदविले. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या १९८० मधील तिसऱ्या आवृत्तीत 'सोशल फोबिया' हे निदान समाविष्ट झाले. १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत 'सोशल अँग्झायटी डिसऑर्डर' हे पर्यायी नाव आले आणि २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत तेच मुख्य नाव झाले. या विकाराचा प्रारंभ बहुधा किशोरवयात होतो. म्हणजेच महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत ही भीती अनेकदा काही वर्षांची जुनी असते. ती महाविद्यालयात निर्माण होतेच असे नाही, परंतु तेथे ती उघडी पडते.

ही भीती टिकून कशी राहते, याचे उत्तर डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या बोधात्मक प्रतिमानात मिळते. सर्वसामान्य अपेक्षा अशी असते की, माणूस एखाद्या प्रसंगाला वारंवार सामोरा गेला की त्याची भीती कमी व्हावी. सामाजिक चिंता असलेली व्यक्ती रोज माणसांत वावरते. तरीही तिची भीती कमी होत नाही. क्लार्क आणि वेल्स यांच्या मते त्यामागे पुढील प्रक्रिया असतात.

१) स्वकेंद्री अवधान : प्रसंग सुरू होताच लक्ष समोरच्या व्यक्तीकडून स्वतःकडे वळते. छातीतील धडधड, कोरडा पडलेला घसा आणि थरथरणारे हात यांवरून 'मी इतरांना कशी दिसत असेन' याचे चित्र मनात तयार होते. हे चित्र आतल्या संवेदनांवर आधारलेले असते, समोरच्यांच्या प्रत्यक्ष प्रतिसादावर नव्हे.

२) सुरक्षा-वर्तने : नजर टाळणे, वाक्ये पाठ करून बोलणे, भराभर बोलून मोकळे होणे, हात थरथरू नये म्हणून फाईल घट्ट धरणे ही अशी वर्तने होत. त्यांमुळे तात्पुरता दिलासा मिळतो. पण 'ती फाईल होती म्हणून निभावले' असा निष्कर्ष मनात पक्का होतो आणि मूळ भीतीची परीक्षा कधी होतच नाही.

३) पूर्वचिंतन आणि प्रसंगोत्तर उजळणी : प्रसंगाआधी अनेक दिवस अपयशाची चित्रे रंगविली जातात आणि प्रसंगानंतर झालेल्या, तसेच न झालेल्या चुकांचीही तपासणी चालते. या उजळणीतून स्मरणात राहते ती प्रसंगाची अधिक वाईट आवृत्ती. पुढील प्रसंगाची भीती त्याच आवृत्तीवर उभी राहते.

रोनाल्ड रेपी आणि रिचर्ड हाइमबर्ग यांनी १९९७ मध्ये मांडलेले प्रतिमानही याच दिशेने जाते. श्रोत्यांच्या अपेक्षा फार उंच आहेत आणि आपण त्यांपेक्षा फार खाली आहोत, या तुलनेवर त्यात भर दिलेला आहे.

भावनांचे व्यवस्थापन : पाच टप्पे :
भावना येणे हे बहुतांशी आपल्या हाती नसते. आलेल्या भावनेचे काय करायचे, हे काही प्रमाणात हाती असते. कोणती भावना, केव्हा आणि कशी अनुभवावी व व्यक्त करावी यावर प्रभाव टाकण्याच्या प्रक्रियांना भावनांचे व्यवस्थापन किंवा नियमन असे म्हणतात. जेम्स ग्रॉस यांनी १९९८ मध्ये या प्रक्रियांचे पाच गट केले. वर उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीच्या सेमिनारच्या संदर्भात ते पुढीलप्रमाणे समजून घेता येतात.

पहिला टप्पा प्रसंगाच्या निवडीचा : सेमिनारच्या दिवशी हजर राहायचे की नाही. दुसरा प्रसंगात बदल करण्याचा : गटकार्यात 'मी तक्ते तयार करते, बोलण्याचे काम तुम्ही करा' असे सांगणे. तिसरा अवधानाच्या दिशेचा : लक्ष विषयाकडे द्यायचे की स्वतःच्या थरथरत्या आवाजाकडे. चौथा प्रसंगाच्या अर्थाचा पुनर्विचार करण्याचा : 'हे माझ्या लायकीचे परीक्षण आहे' असे मानायचे की 'हा वीस मिनिटांचा अभ्यासक्रमाचा भाग आहे' असे. पाचवा प्रतिसादाचे नियमन करण्याचा : भावना उत्पन्न झाल्यावर ती चेहऱ्यावर दिसू न देणे, म्हणजेच भावदमन.

यांपैकी अर्थाचा पुनर्विचार आणि भावदमन या दोन पद्धतींचा विशेष अभ्यास झाला आहे. ग्रॉस आणि ऑलिव्हर जॉन यांनी २००३ मध्ये या दोन सवयी मोजणारी १० विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. भावदमनाची सवय असलेल्या व्यक्तींना सुखद भावना कमी अनुभवास येतात व इतरांशी जवळीक साधणे अवघड जाते, असे त्यांना आढळले. अध्यापकांच्या दृष्टीने जेन रिचर्ड्स आणि ग्रॉस यांचे २००० मधील संशोधन अधिक उद्‌बोधक आहे. भावना चेहऱ्यावर न दिसू देण्याच्या प्रयत्नात असलेल्या व्यक्तींना त्या वेळी समोर मांडलेली माहिती कमी लक्षात राहते, असे त्यातून दिसून आले. तोंडी परीक्षेत विद्यार्थिनी परीक्षकांचा दुसरा प्रश्न 'ऐकत नाही' असे वाटते, तेव्हा तिची शक्ती उत्तर शोधण्यापेक्षा घाबरलेपण लपविण्यात खर्च होत असण्याची शक्यता लक्षात घ्यावयास हवी.

किम ग्रॅट्झ आणि लिझाबेथ रोमर यांनी २००४ मध्ये या विषयाची दुसरी बाजू मांडली. त्यांच्या ३६ विधानांच्या मापनश्रेणीत भावनांच्या व्यवस्थापनातील अडचणींचे सहा घटक आहेत. त्यांतील पहिला घटक आहे भावनेचा अस्वीकार, म्हणजे भीती वाटल्याबद्दल स्वतःचाच राग येणे किंवा लाज वाटणे. सामाजिक चिंतेत हा घटक कळीचा ठरतो. भीती ही पहिली वेदना आणि 'मला भीती वाटते म्हणजे मी दुबळी आहे' ही तिच्यावर चढविलेली दुसरी वेदना. पहिली काही क्षणांत ओसरू शकते. दुसरी व्यक्तीच्या मनात दीर्घकाळ घर करून राहते. आत्मकरुणेचा संबंध प्रामुख्याने या दुसऱ्या वेदनेशी आहे.

आत्मकरुणा : अर्थ, घटक आणि गैरसमज :
करुणा हा शब्द भारतीय परंपरेला नवा नाही. बौद्ध विचारात मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा हे चार ब्रह्मविहार सांगितले आहेत. पतंजलींच्या योगसूत्रांतही या चार भावनांचा एकत्र उल्लेख येतो. मात्र सामान्य व्यवहारात करुणेचा विषय नेहमी 'दुसरा' असतो. तीच करुणा स्वतःच्या दुःखाकडे आणि अपयशाकडे वळविणे म्हणजे आत्मकरुणा होय. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी बौद्ध विचारांचा आधार घेऊन २००३ मध्ये या संकल्पनेची मानसशास्त्रीय मांडणी केली आणि तिच्या मापनासाठी २६ विधानांची श्रेणी तयार केली. त्यांच्या मते आत्मकरुणेचे तीन घटक असून प्रत्येकाची एक विरुद्ध बाजू आहे.

पहिला घटक स्वतःविषयी ममत्व. त्याची विरुद्ध बाजू आत्मनिंदा. दुसरा समान मानवतेची जाणीव, म्हणजे चुकणे व घाबरणे हा सर्व माणसांचा अनुभव आहे हे ओळखणे. त्याची विरुद्ध बाजू 'हे फक्त माझ्याच वाट्याला आले' असे एकटेपण. तिसरा सजगता, म्हणजे दुःखद भावना न दडपता व न वाढविता जशी आहे तशी पाहणे. त्याची विरुद्ध बाजू भावनेशी पूर्ण एकरूप होऊन तिच्यात वाहून जाणे.

या संकल्पनेविषयी तीन गैरसमज संभवतात. पहिला, आत्मकरुणा म्हणजे स्वतःची कीव करणे. प्रत्यक्षात कीव करणारा मनुष्य आपले दुःख इतरांपेक्षा वेगळे मानतो, तर आत्मकरुणेत ते सर्वांच्या दुःखासारखेच मानले जाते. दुसरा, आत्मकरुणा म्हणजे स्वतःचे लाड करणे. त्यामुळे विद्यार्थी आळशी होतील. ज्युलियाना ब्राइनिस आणि सेरेना चेन यांच्या २०१२ मधील प्रयोगांचे निष्कर्ष याच्या उलट आहेत. कठीण चाचणीत अपयश आल्यावर ज्या विद्यार्थ्यांना स्वतःकडे करुणेने पाहण्यास सुचविले गेले, त्यांनी पुढील चाचणीच्या अभ्यासासाठी अधिक वेळ दिला. चूक मान्य करणे सुरक्षित वाटले की ती सुधारणेही शक्य होते, असा याचा अर्थ लावता येतो.

तिसरा गैरसमज सर्वांत महत्त्वाचा आहे. आत्मकरुणा आणि आत्मसन्मान एकच आहेत, असे मानले जाते. आत्मसन्मान हा स्वतःच्या मूल्यमापनावर उभा असतो. यश मिळाले की तो वाढतो, पण नेमकी गरज असते त्या अपयशाच्या क्षणी तो साथ सोडतो. 'आत्मविश्वास वाढव' हा सल्ला निष्फळ का ठरतो, याचे उत्तर येथे आहे. ज्या व्यक्तीची मूळ अडचण सतत होणारे मूल्यमापन हीच आहे, तिला अधिक चांगले गुण स्वतःला देण्यास सांगणे म्हणजे मूल्यमापनाच्या चक्रातच ठेवणे होय. आत्मकरुणेत या मूल्यमापनालाच बाजूला ठेवले जाते.

हा विचार महाराष्ट्रातील वाचकांना अपरिचित वाटणार नाही. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून विकसित केलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत विनाशर्त आत्मस्वीकार ही संकल्पना मध्यवर्ती आहे. कृतीचे मूल्यमापन करावे, परंतु संपूर्ण व्यक्तीला चांगले किंवा वाईट असा शिक्का मारू नये, ही एलिस यांची भूमिका होती. मुंबईतील मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी ही विचारसरणी मराठी वाचकांपर्यंत पोहोचविली. एलिस यांचा मार्ग विवेकाचा, तर नेफ यांचा ममत्वाचा आहे. तथापि 'मी चुकलो' यापासून 'मी वाईट' हे वेगळे करणे हे दोहोंचे समान कार्य आहे.

तिन्हींचा परस्परसंबंध :
नेफ यांनी आपल्या मूळ मांडणीतच आत्मकरुणेकडे भावनांना सामोरे जाण्याचा एक उपयुक्त मार्ग म्हणून पाहिले होते. इनवूड आणि फेरारी यांनी २०१८ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. आत्मकरुणेचा मानसिक आरोग्याशी असलेला संबंध काही अंशी भावनांच्या व्यवस्थापनाच्या द्वारे घडतो, या मताला त्यातून पुष्टी मिळाली; मात्र त्या आढाव्यात बसणारे अभ्यास मोजकेच होते. सामाजिक चिंतेच्या संदर्भात हा संबंध प्रसंगापूर्वी, प्रसंगात आणि प्रसंगानंतर अशा तीन अवस्थांमध्ये पाहता येतो.

प्रसंगापूर्वी : सामाजिक चिंता असलेली व्यक्ती ग्रॉस यांच्या पहिल्या टप्प्यावरच थांबते, ती प्रसंग टाळते. अपयश आल्यास स्वतःकडून कठोर शिक्षा होणार हे माहीत असल्यामुळे टाळणे हाच तिला शहाणपणाचा मार्ग वाटतो. हारवूड आणि कोकोव्स्की यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात भाषणापूर्वी आत्मकरुणेच्या लेखनाचा सराव दिल्यावर सामाजिक चिंता अधिक असलेल्या विद्यार्थ्यांची पूर्वचिंता कमी झाल्याचे आढळले. शिक्षेची धास्ती कमी झाली की प्रसंगाला सामोरे जाण्याचे धैर्य वाढते.

प्रसंगात : येथे अवधानाची दिशा महत्त्वाची असते. सजगतेमुळे 'हृदय धडधडते आहे' ही केवळ एक नोंद राहते. 'माझी फजिती झाली' असा तिचा निकाल होत नाही. जोआना आर्च आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात परीक्षकांसमोर भाषण व तोंडी गणिते करण्याच्या ताणाला सामोरे जाण्यापूर्वी स्त्रियांना आत्मकरुणेचे अल्पकालीन प्रशिक्षण देण्यात आले होते. त्यांना जाणवलेली चिंता आणि ताणाच्या काही शारीरिक खुणा इतरांच्या तुलनेत सौम्य आढळल्या. मार्क लिअरी आणि सहकाऱ्यांचे २००७ मधील संशोधनही येथे लक्षणीय आहे. स्वतःच्या ध्वनिचित्रफिती पाहताना आत्मकरुणा कमी असलेल्या व्यक्तींनी आपल्या सादरीकरणाला त्रयस्थ निरीक्षकांपेक्षा कमी लेखले. कठोर आत्मपरीक्षण हे वस्तुनिष्ठ असते, ही समजूत यामुळे डळमळीत होते.

प्रसंगानंतर : सामाजिक चिंतेचे चक्र पूर्ण होते ते येथे. रात्रभर चालणारी उजळणी हा आत्मपरीक्षणाचा आव आणणारा आत्मनिंदेचाच प्रकार असतो. ब्लॅकी आणि कोकोव्स्की यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात भाषणानंतर आत्मकरुणेचे लेखन करणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये अशी उजळणी कमी आढळली आणि पुढील सामाजिक प्रसंगांना सामोरे जाण्याची त्यांची तयारी अधिक दिसली. तिसऱ्या अवस्थेतील बदल अशा रीतीने पुढील प्रसंगाच्या पहिल्या अवस्थेपर्यंत पोहोचतो.

यावरून असे म्हणता येईल की, आत्मकरुणा भीती घालवीत नाही. भीती वाटल्याबद्दलची शिक्षा ती रद्द करते. शिक्षा रद्द झाल्यामुळे टाळणे आणि दडपणे यांची गरज कमी होते, तसेच अर्थाचा पुनर्विचार आणि स्वीकार या अधिक हितकारक पद्धतींना वाव मिळतो.

मर्यादा आणि आक्षेप :
या निष्कर्षांचा स्वीकार करताना काही बाबतींत सावधगिरी आवश्यक आहे.

एक, या क्षेत्रातील बरेचसे संशोधन सहसंबंधात्मक आहे. आत्मकरुणा कमी असल्यामुळे चिंता वाढते की चिंतेमुळे आत्मकरुणा खुंटते, हे सहसंबंधावरून ठरविता येत नाही. केली वर्नर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये सामाजिक चिंता-विकार असलेल्या व्यक्तींची निरोगी व्यक्तींशी तुलना केली. विकार असलेल्यांमध्ये आत्मकरुणा कमी आढळली. परंतु त्या गटांतर्गत ती विकाराच्या तीव्रतेशी सर्वसाधारणपणे निगडित नव्हती. ती निगडित होती इतरांकडून होणाऱ्या मूल्यमापनाच्या भीतीशी. आणि हे मूल्यमापन प्रतिकूल असो वा अनुकूल, दोहोंच्या भीतीशी. वर्गात जाहीर कौतुक झाल्यावरही काही विद्यार्थी अधिकच अंग चोरून का बसतात, हे यावरून कळते.

दोन, नेफ यांच्या श्रेणीतील आत्मनिंदा, एकटेपण इत्यादी नकारात्मक घटकांचा मानसिक विकारांशी असलेला संबंध सकारात्मक घटकांच्या तुलनेत अधिक प्रबळ आहे, असे म्युरिस आणि पेट्रोकी यांनी २०१७ मधील विश्लेषणात दाखवून दिले. त्यामुळे एकूण गुणांवर आधारलेले निष्कर्ष करुणेचा प्रभाव वाढवून दाखवीत असण्याची शक्यता राहते.

तीन, ही वृत्ती संस्कृतीनुसार बदलते. नेफ आणि सहकाऱ्यांच्या २००८ मधील तुलनेत थायलंड, अमेरिका आणि तैवान यांपैकी थायलंडमध्ये आत्मकरुणा सर्वाधिक, तर तैवानमध्ये सर्वांत कमी आढळली. म्हणजेच 'पौर्वात्य' असा एकच गट मानता येत नाही. 'लोक काय म्हणतील' या प्रश्नाच्या सावलीत वाढलेल्या विद्यार्थ्यांना परदेशी प्रश्नावली आणि तिचे मानदंड जसेच्या तसे लावणे योग्य ठरणार नाही.

चार, काहींना करुणेचीच भीती वाटते. पॉल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ही बाब मापनाच्या कक्षेत आणली. ज्यांना लहानपणापासून केवळ कठोरपणाच मिळाला, त्यांना स्वतःविषयीचा मृदू शब्द असुरक्षित वाटू शकतो.

पाचवा मुद्दा सामाजिक आहे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याच्या इंग्रजी उच्चारांना वर्ग खरोखर हसत असेल, अथवा आडनाव, जात, गाव किंवा बोली यांवरून टोमणे मारले जात असतील, तर त्याची भीती अवाजवी म्हणता येणार नाही. अशा वेळी त्याला आत्मकरुणेचे धडे देणे म्हणजे संस्थेची जबाबदारी त्याच्या खांद्यावर टाकणे होय. समान मानवतेची जाणीव आधी वर्गाच्या वागण्यात दिसली पाहिजे. तरच ती विद्यार्थ्याच्या मनात रुजू शकते.

अध्यापनातील उपयोजन :
अध्यापक हा उपचारक नव्हे. परंतु विद्यार्थी स्वतःशी ज्या स्वरात बोलतो, तो स्वर काही अंशी त्याने ऐकलेल्या स्वरांतून घडतो. त्या दृष्टीने पुढील बाबी विचारात घेता येतील.

१) प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी थोडा अवधी द्यावा. आधी दोन मिनिटे लिहिणे, मग शेजारच्याशी बोलणे आणि नंतर वर्गासमोर बोलणे असा क्रम ठेवल्यास अवधान स्वतःकडून विषयाकडे वळण्यास मदत होते.

२) तोंडी परीक्षेत मूल्यमापनाचे निकष आधी सांगावेत, सुरुवात सोप्या प्रश्नाने करावी आणि विद्यार्थी गप्प राहिल्यास प्रश्न शांतपणे दुसऱ्या शब्दांत विचारावा. जेथे नियमांत अडथळा नसेल, तेथे मराठीतून उत्तर देण्याची मुभा द्यावी. मौनाचा अर्थ अज्ञान असाच घेऊ नये.

३) चुकीच्या उत्तरातील बरोबर भाग आधी दाखवावा व चुकीचा भाग स्पष्टपणे दुरुस्त करावा. चूक लपविणे ही करुणा नव्हे. चूक आणि व्यक्ती वेगळी ठेवणे ही करुणा आहे. अध्यापकाने फळ्यावरील स्वतःची चूक सहजपणे मान्य करणे हा याचा सर्वांत परिणामकारक वस्तुपाठ ठरतो.

४) बोलण्यापासून पूर्ण सूट देऊ नये. सूट मिळाल्याने त्या दिवसाची भीती टळते, पण टाळण्याची सवय दृढ होते. त्याऐवजी अध्यापकासमोर एकट्याने, नंतर पाच जणांच्या गटात आणि शेवटी वर्गासमोर असे टप्पे ठरवावेत.

५) सादरीकरणानंतर दहा मिनिटांचे ऐच्छिक व गोपनीय लेखन देता येईल. त्यात तीन प्रश्न पुरेसे आहेत : आज मला काय वाटले? असे आणखी कोणाला वाटत असेल? हेच एखाद्या मित्राच्या बाबतीत घडले असते तर त्याला काय सांगितले असते? हे तीन प्रश्न अनुक्रमे सजगता, समान मानवता आणि ममत्व यांच्याशी संबंधित आहेत. हे लेखन तपासू नये व त्यास गुण देऊ नयेत.

६) विद्यार्थी वारंवार परीक्षा टाळत असेल, मित्रांपासून तुटत असेल किंवा शिक्षण सोडण्याच्या विचारात असेल, तर त्याला समुपदेशक अथवा मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे. सामाजिक चिंता-विकारावर बोधात्मक वर्तनोपचार ही प्रस्थापित उपचारपद्धती आहे. इंग्लंडमधील राष्ट्रीय आरोग्यसेवेसाठी २०१३ मध्ये तयार झालेल्या मार्गदर्शक सूचनांतही तिला अग्रक्रम दिलेला आहे. आवश्यकतेनुसार औषधोपचारही केला जातो. भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक विद्यार्थ्यांच्या माहितीसाठी सूचनाफलकावर लावता येईल. आत्मकरुणा ही या उपचारांना पूरक आहे, पर्याय नव्हे.

समारोप :
सामाजिक चिंता म्हणजे धैर्याचा किंवा बुद्धीचा अभाव नव्हे. इतरांच्या नजरेतील संभाव्य न्यायाधीशापेक्षा अधिक कठोर न्यायाधीश व्यक्तीने स्वतःच्या मनात बसविलेला असतो आणि त्याच्या धाकामुळे ती भावना टाळते किंवा दडपते. टाळण्यामुळे भीतीची परीक्षा होत नाही व दडपण्यामुळे बोलण्याची शक्ती उरत नाही. आत्मकरुणा या न्यायाधीशाचा धाक कमी करते आणि भावनांच्या व्यवस्थापनाचे अधिक हितकारक मार्ग मोकळे करते. उपलब्ध संशोधन या विधानाला आधार देते, तथापि त्याच्या मर्यादाही दाखवून देते. मराठी भाषक विद्यार्थ्यांच्या संदर्भात, विशेषतः माध्यमबदल झालेल्या विद्यार्थ्यांच्या संदर्भात, या तीन घटकांचा अभ्यास हाती घेण्यास मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र आणि समाजशास्त्र या तिन्ही विभागांना वाव आहे.

प्रारंभीच्या उदाहरणातील विद्यार्थिनीला उत्तर येत होते. ते परीक्षकांपर्यंत पोहोचले नाही आणि गुणपत्रिकेत त्याची नोंद अज्ञान म्हणून झाली. हे अंतर कमी करण्याचे सर्व उपाय महाविद्यालयाच्या हाती नाहीत. परंतु प्रश्न विचारण्याचा स्वर, उत्तरासाठी दिलेला अवधी आणि चुकीला दिलेला प्रतिसाद एवढ्या तीन गोष्टी निश्चितच आहेत.